काठीचे चार सारखे भाग

१४ जानेवारी १९८७, संक्रांत

चि. भारत,

पाकीट फोडताना टेबलावर हलव्याचे दाणे सांडले असतील, तर ते मीच घातलेत. ज्याला चौदा वर्षं एक ओळ लिहिली नाही, त्याला आज काय म्हणून लिहावं, असा विचार करत बसलो होतो. आमच्या सावित्रीबाई म्हणाल्या, "आज संक्रांत हाय, आज कुणालाबी लिवता येतं." तेवढ्या आधारावर पेन उचललं.

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. औरंगाबादला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतोस एवढं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं, म्हणून कॉलेजच्या नावानंच टाकतोय. आपल्या शाळेतून गेलेला पहिला इंजिनिअर तू. दरवर्षी दहावीच्या पहिल्या तासाला मी पोरांना तुझं नाव सांगतो आणि खिडकीजवळचा बाक दाखवतो, की इथं बसायचा. बाक केव्हाच बदलला, तरी मी तोच दाखवतो.

काम लहान आहे. एका विद्यार्थिनीनं शंका विचारली. गोल टाकी आडवी ठेवलेली आहे. व्यास पाच फूट. तळापासून सव्वा फूट पाणी आहे, म्हणजे उंचीच्या बरोबर पाव. तर टाकीत पाणीही पाव असतं का? वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ काढून मी पाहिलं, पण जे उत्तर येतं ते मला पटत नाही. वय झालं, हातचे विसरतो. तू एकदा करून कळव.

मुलीचं नाव कडूबाई. धनगरवस्तीवरची. आधीच्या दोन मुली दगावल्या, म्हणून हिला नजर लागू नये असं नाव ठेवलं. शेळ्या-मेंढ्या सांभाळून दोन कोस चालत शाळेला येते आणि वर्गात सगळ्यांच्या आधी पोचते. मागच्या महिन्यात तिनं मला विचारलं, "सर, इंजिनिअर व्हायला किती गणित लागतं?" मी म्हटलं, माझ्याकडे आहे तेवढं सगळं आणि माझ्याकडे नाही तेही बरंच. ती म्हणाली, "मंग तुमच्याकडचं आदी द्या."

तिच्यासाठी तरी उत्तर पाठव. तुझे आबा कसे आहेत ते लिहिलंस तर बरं वाटेल, पण तसा आग्रह नाही.

उत्तरेश्वर मास्तर


२ फेब्रुवारी १९८७

चि. भारत,

तुझं कार्ड मिळालं. पोस्टमननं वाचूनच हातात दिलं, "मास्तर, दोनच वळी हायत" म्हणाला. पहिली ओळ: साडेएकोणीस टक्के. दुसरी ओळ: तुम्हाला कधी कळलं? नमस्कार नाही, सही नाही.

दुसरी ओळ वाचली आणि मी शाळेच्या ओट्यावर तसाच बसून राहिलो. म्हणजे तुला ठाऊक होतं. मी शंकेचं सोंग घेऊन तुझ्याकडे आलो आणि तू पहिल्याच दमात माझी टोपी उडवलीस. चांगलं केलंस.

आता सरळ लिहितो. मला कळलं ते ९ जानेवारीला, शुक्रवारी दुपारी, आणि तेही माझ्या अकलेनं नाही.

यंदा पुन्हा पाण्याचे हाल आहेत. खरेदी-विक्री संघाचा टँकर डिसेंबरपासूनच चालू झालाय. टाकी तीच, त्र्याहत्तर साली रॉकेलची धुऊन घेतली होती ती. खालचा ट्रक तेवढा नवा. चार ठिकाणी तो थांबतो. आधी गाव, मग अर्जुनरावांचा मळा, मग माळवाडी आणि शेवटी धनगरवस्ती. पाणी वाटायला काठीही तीच, तू मॅट्रिकला असताना केलेली. साठ इंचांची बाभळीची काठी, तिच्यावर सारख्या अंतरावर तीन खिळे, म्हणजे चार सारखे भाग. झाकणातून काठी घालायची आणि पाणी एका खिळ्यावरून दुसऱ्यावर उतरलं की नळ बंद करायचा. गाव अजून तिला भारतची काठी म्हणतं आणि त्यावरून कधी भांडत नाही.

तर त्या शुक्रवारी मी वर्तुळखंड शिकवत होतो. कडू उठली. "सर, मंग टँकरची काठी चुकीची हाय. टाकी मधी रुंद, खाली अरुंद. शेवटचा पाव आमच्या वस्तीला येतो, त्यो पाव न्हाईच."

मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. वर असंही म्हणालो, की ती काठी ज्यानं केली तो आज इंजिनिअरांना शिकवतो. मला राग कशाचा आला होता हे तुला सांगायला नको.

शाळा सुटल्यावर बाहेर आलो तर ती जिथं उभी होती तिथल्या मातीत सुतळीनं काढलेलं मोठं वर्तुळ होतं. पुरं उदाहरण जमिनीवर मांडलेलं. त्रिज्या तीस इंच, पाण्याची खोली पंधरा, म्हणून मधला कोन एकशे वीस अंश. वर्तुळाचं क्षेत्रफळ दोन हजार आठशे सत्तावीस, त्याचा तिसरा हिस्सा नऊशे बेचाळीस, त्यातून त्रिकोणाचे तीनशे नव्वद गेले. राहिले पाचशे बावन्न. पाव असता तर सातशे सात यायला हवे होते. मी शिक्षा केली होती आणि पोरगी शिक्षेत गणित करत होती. मी उकिडवा बसून एकेक आकडा तपासला. एकही चूक सापडली नाही, आणि खरं सांगतो, चूक सापडावी म्हणूनच मी बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर तिला म्हणालो, तुझं बरोबर आहे. तिनं फक्त विचारलं, "मंग खिळा कुटं मारायचा?"

ते मला येत नाही, भारत. चूक दाखवायला दहावीचं गणित पुरलं, दुरुस्त करायला पुरत नाही. सूत्र उलटं फिरवायला जावं तर कोन एकीकडे सुटा राहतो आणि दुसरीकडे साइनमध्ये अडकतो. हे तुझ्या कॉलेजातलं काम आहे. तू तिला लिही. शाळेच्या पत्त्यावर तिच्या नावानं लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

उत्तरेश्वर मास्तर


१ मार्च १९८७

चि. भारत,

कडूला लिहिलेली तुझी चार पानं पोचली. माझ्यासाठी त्यात शब्द नव्हता, ते ठीकच आहे. तिनं मला ती वाचायला दिली, तीही मागितल्यावर.

काय लिहिलंस रे! "ह्याला सरळ सूत्र नाही. अंदाज घे, ताडून बघ, चूक किती आली ते बघ, आणि त्या चुकीकडे बघून पुढचा अंदाज घे. इंजिनिअरला आयुष्यभर हेच करायचं असतं." अठ्ठावीस वर्षं शिकवतोय, पण हे मी एकाही पोराला सांगितलं नाही. मी सांगायचो, उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलंय.

तिला मी माझं लॉग टेबलचं पुस्तक दिलं. मेंढरं माळावर सोडून ती बोरीखाली बसते आणि साइनचे रकाने बोटानं धुंडाळते. एकशे वीस अंश धरले, पाणी कमी. एकशे पस्तीस, जास्त. एकशे तीस, पुन्हा कमी. असं करत करत सातव्या खेपेला एकशे बत्तीस आणि वर एक तृतीयांश अंशाला येऊन थांबली. म्हणजे खालचा खिळा पंधरा इंचांवर नको, अठरा इंचांना एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी तिथं हवा. वरचा तसाच वरून तेवढाच खाली. सुताराच्या मापात उत्तर आणलं तेही तिनंच. "दशांश चिन्ह कुणाला कळनार सर, खिळा सुतार मारनार हाय." माझ्या हाताखालून शेकड्यांनी पोरं गेली. तुझ्यानंतर अशी एकही नाही, आणि तुला राग येणार नसेल तर लिहितो, तू इतका सबुरीचा नव्हतास.

पण तिचं एवढ्यावर समाधान नव्हतं. म्हणाली, "सर, कागदावर जुळलं, पर पान्याला इचारायला पायजे." डेअरीतून लिटरचं माप आणून तिनं घरची पितळी घागर मोजली, पंधरा लिटर भरली. मग तीन दिवस वस्तीवर टँकरचं सगळं पाणी त्या एकाच घागरीतून ओतवलं. तिची आई छबुबाई बाजूला बसून दर घागरीला एक लेंडी पदरात टाकत होती. पाढे येत नाहीत, पण मोजणीत बाई पक्की. एकशे तीन, एकशे पाच, एकशे चार. आठ हजार लिटरच्या टाकीचा पाव म्हणजे एकशे तेहेतीस घागरी व्हायला हव्यात. एकोणतीस घागरी रोज कमी.

टँकरवर हल्ली सटवा ड्रायव्हर आहे. वाटेत पाणी विकतो असं वस्तीवरचे लोक बोलायला लागले होते, एकदा कॉलरही धरली. तिसऱ्या दिवशी मोजणी संपली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "पोरी, मी वाटंत कुटंच थांबत न्हाई." कडू म्हणाली, "काका, तुमी न्हाई, काठी." तो मोठा माणूस टायरला टेकून रडला. मी तिथं उभा होतो आणि मला तिथं उभं राहवेना.

आता ते लिहितो, ज्याला मी दोन पत्रं चुकवत आलो.

त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये चावडीवर बैठक बसली. टँकरवर ड्रायव्हर तुझे आबा होते. धनगरवस्तीला पाणी पुरत नाही, अशी तक्रार होती. आबा म्हणाले, "मी येक थेंब इकला न्हाई." अर्जुनराव तेव्हा संघाचे चेअरमन. त्यांनी मला विचारलं, मास्तर, तुमचं काय म्हणणं? मी तुझी काठी सगळ्यांसमोर उभी धरली आणि म्हणालो, "चार भाग सारखे आहेत. माणूस खोटं बोलेल, गणित बोलणार नाही." आबांनी आपल्या पोराकडे, तुझ्याकडे पाहिलं. तू काठीकडे पाहत होतास. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली आणि तुझी परीक्षा झाली तशी तुम्ही गाव सोडलंत.

तू सोळा वर्षांचा होतास. चार सारखे भाग कर, हे मीच तुला सांगितलं होतं. मास्तरवर विश्वास ठेवला हा पोराचा गुन्हा होत नाही. गुन्हा माझा आहे. तुझ्या आबांना, सुग्रीव ड्रायव्हरला, मी चोर ठरवलं.

हे आज का लिहितोय, तर मुंजाजीनं लिहायला लावलं. मुंजाजी म्हणजे कडूचा बाप. त्या दुष्काळात त्याची मेंढरं मेली म्हणून तो आबांच्या गाडीवर क्लीनर होता, तुला आठवत असेल. दहावीनंतर पोरीला शहरात सायन्सला घाला, हे सांगायला मी परवा वस्तीवर गेलो. त्यानं बसायला घोंगडं टाकलं, चहा दिला आणि मग म्हणाला, "मास्तर, मी सुग्रीवदादाच्या शेजारी बसलेलो. पानी इकलं न्हाई म्हनून मी चावडीवर वरडून सांगितलं, तुमी माझ्याकडं बगितलंबी न्हाई. ज्या गनितानं दादाला चोर केलं, त्येच माझ्या पोरीच्या डोस्क्यात भरायचं?" पुढं तो म्हणाला, "दादा म्हनला धाड, तर धाडतो. दुसऱ्या कुनाचंबी ऐकत न्हाई. न्हाईतर उन्हाळ्यात उजवून टाकतो."

तर असं आहे. लग्न की शिक्षण, पोरीचं पुढचं सगळं तुझ्या आबांच्या एका शब्दावर आलंय आणि तो शब्द मागायचं तोंड मला नाही.

उत्तरेश्वर मास्तर


३ मे १९८७

चि. भारत,

तुझं पत्र एप्रिलमध्येच आलं. उत्तराला उशीर केला, कारण आधी एक काम उरकायचं होतं. ते परवा एक मेच्या ग्रामसभेत उरकलं.

आधी कडूचं. परीक्षा गेवराईला झाली. भूमितीच्या पेपराहून आली ती रागावलेली. म्हणे पेपर लवकर संपला आणि अर्धा तास नुसतं बसावं लागलं. तू दर आठवड्याला तिला एक गणित पाठवतोस, ते ती पत्र्याच्या पेटीत घालून ठेवते. सोडवून झालं तरी फेकत नाही. मर्यादा आणि विकलन म्हणजे काय, ते ती मला समजावून सांगते. मी विद्यार्थ्यासारखा ऐकतो, मधे मधे चुकीची शंकाही काढतो.

ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि म्हणालो, चौदा वर्षांपूर्वी याच चावडीवर मी सुग्रीवरावांना चोर ठरवलं. ते चोर नव्हते. माझं गणित चुकीचं होतं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. अर्जुनराव म्हणाले, "झालं गेलं मास्तर. काठी चालतीय, चालू द्या. कावून जुनं उकरून काढता?" त्यांचं म्हणणं मी समजू शकतो, मधले दोन हिस्से मोठे जातात आणि त्यांतला एक त्यांच्या मळ्याचा. मी बोलायच्या आत कडू पुढं आली. "आज टँकर यील तवा चारी ठिकानी घागरी मोजा. माझं चुकलं तर काठी तशीच ऱ्हाऊ द्या." अर्जुनरावांना सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. गावात एकशे चार (गावालाही कमीच, पण तिथं आडाचं थोडं पाणी असतं म्हणून कधी जाणवलं नाही), मळ्यावर एकशे बासष्ट, माळवाडीला एकशे बासष्ट, वस्तीवर एकशे चार. अर्जुनराव स्वतः हजर होते. शेवटची घागर झाल्यावर त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सुताराला बोलवा." माणूस हट्टी आहे, पण खोटा नाही, हे मला कबूल करावं लागलं.

आता तुझ्या पत्राकडे येतो. तू लिहिलंस, की इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी, पंचाहत्तर साली, वर्गात आडव्या टाकीचं उदाहरण आलं आणि तू बाकावरून उठून बाहेर गेलास. घरी जाऊन आबांना सांगितलंस. ते म्हणाले, "तुला कळलं न्हवं? मग झालं." त्यांना गावाचं काही नव्हतं, पोरानं आपल्याला चोर मानलं एवढंच त्यांना सलत होतं. ही ओळ मी सावित्रीबाईंना वाचून दाखवू शकलो नाही, पत्रच त्यांच्या हातात दिलं.

पुढं तू लिहिलंस, की मास्तरांना मुद्दाम कळवलं नाही, त्यांचं त्यांना सापडेल तेव्हा सापडू दे, तोवर ही त्यांची शिक्षा. शिक्षा रास्त आहे. पण मी मास्तर आहे, कान धरल्याशिवाय राहवत नाही. तू बारा वर्षं गप्प बसलास. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी टँकर येतो आणि दर वेळी धनगरवस्तीला पाणी कमी गेलं. शिक्षा मला द्यायची होतीस, प्यायला कमी पडलं छबुबाईला. हे आपण दोघांनी मिळून केलं. तू एक कार्ड टाकलं असतंस तर मी चिडलो असतो, तीन दिवस जेवलो नसतो, पण काठी बदलली असती.

एवढं सुनावून झाल्यावर मागणं मागतो. आबांना विचार. कडूला तुझ्या घरी ठेवून अकरावी-बारावी करू द्याल का, आणि मुंजाजीला तसा निरोप द्याल का? माझ्यासाठी विचारू नकोस. तिनं त्यांचं नाव धुऊन दिलं, तेही त्यांना कधी न पाहता, म्हणून विचार. नाही म्हणाले तर तसंच कळव. मी मुंजाजीला ते त्यांच्याच शब्दांत सांगेन, माझं काही घालणार नाही.

उत्तरेश्वर मास्तर


६ जुलै १९८७

चि. भारत,

कडू नीट पोचल्याचं तुझं कार्ड आज आलं. आबा तुला काही सांगणार नाहीत, त्यांना बोलायची सवय नाही, म्हणून इथं काय झालं ते मी लिहितो.

गोष्ट निकालानंतरच्या चौथ्या दिवसाची. गणितात दोन्ही पेपर मिळून तिचे पाचच मार्क गेले, तालुक्यात पहिली. मुंजाजीनं पेढे वाटले आणि त्याच तोंडानं सोयरीक बघायला पाटोद्याकडे जायचा दिवसही ठरवला. तुमच्याकडून निरोप नव्हता. महिना-दीड महिना मी पोस्टमनची वाट पाहत होतो. दहाची एसटी आली आणि तीतून आबा उतरले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. मी शाळेच्या फाटकात उभा होतो. चौदा वर्षांत केस तेवढे पिकले, चाल तीच. मला बघून थांबले नाहीत. "टँकर कवा येतो?" एवढंच विचारलं.

पाऊस अजून नाही, टँकर चालूच आहे. सटवानं त्यांना पाहिलं, खाली उतरला आणि किल्ली पुढं धरली. आबांनी घेतली. कडूला म्हणाले, "तूच का ती? बस शेजारी." आणि मुंजाजी, पन्नाशीला आलेला माणूस, उडी मारून मागच्या शिडीवर क्लीनरच्या जागी उभा राहिला. मी माझी सायकल घेऊन धुरळ्यात मागून गेलो. मला कुणी ये म्हटलं नव्हतं.

गावात, मळ्यावर, माळवाडीला, प्रत्येक ठिकाणी आबा गाडी लावायचे, कडू वर चढून काठी घालायची, ते खालून विचारायचे, "बंद करू?" ती म्हणायची, "अजून बोटभर," आणि ते तेवढं थांबायचे. मळ्यावर अर्जुनराव हात जोडून उभे होते. आबांनी मान हलवली आणि नळ उघडला. शेवटी वस्तीवर आलो. छबुबाई पदर पसरून बसली. घागरी चालू झाल्या. शंभरच्या पुढं गेल्या तसे लोक जवळ सरकले. एकशे चारला कुणीतरी खाकरलं. एकशे तेहेतिसाव्या घागरीला नळ ठिबकायला लागला.

आबांनी गाडीला टेकून ते सगळं पाहिलं. मग मुंजाजीला म्हणाले, "पोरीचे कपडे बांद. सांजच्या गाडीनं घिऊन जातो." मुंजाजी म्हणाला, "दादा, तू म्हनतोस तर..." आबा म्हणाले, "मी म्हनत न्हाई, तिचं डोस्कं म्हनतंय. ऱ्हायली तर वाया जाईल." छबुबाई रडत रडत भाकरी बांधायला गेली.

मग मी त्यांच्यासमोर गेलो. वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. सगळी वस्ती बघत होती. म्हणालो, सुग्रीवराव, मी चुकलो. ते म्हणाले, "मास्तर, पाया पडू नका. पोरास्नी सांगा."

"ग्रामसभेत सांगितलं," मी म्हणालो.

"त्ये मोठी मानसं. इसरून जात्यात. शाळंत सांगा. दरसाल."

त्यांनी मला क्षमा केली का, हे मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. संध्याकाळच्या गाडीत कडू खिडकीशी बसली होती, मांडीवर पत्र्याची पेटी. मला म्हणाली, "सर, लॉग टेबल तुमचं हाय, मी नेलंय." गाडी हलली तेव्हा मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण मी ओरडलो ते "साइनचा रकाना नीट बघत जा!" एवढंच. मास्तरकीची जन्माची खोड. तिला सांभाळ. तिला बोलून दाखवलेलं आवडत नाही, करून दाखवलेलं आवडतं. तुझ्यापेक्षा पुढं जाईल ती, आणि तुला ते आवडेल, एवढी मला खात्री आहे.

आज सोमवार, दहावीचा तास होता. चालू धडा बाजूला ठेवून मी सरळ वर्तुळखंड घेतला. फळ्यावर आडवी टाकी काढली, काठी काढली आणि सगळं सांगितलं. सुग्रीवरावांचं नाव घेतलं, तुझं घेतलं, माझंही घेतलं. चावडीवर मी काय म्हणालो होतो ते शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहिले. मास्तर स्वतःची चूक फळ्यावर लिहितो हे पोरांनी कधी पाहिलं नव्हतं.

मागच्या बाकावरून माळवाडीची एक मुलगी उठली, मनकर्णा. तिनं विचारलं, "सर, तवा घागरी मोजल्या असत्या तर किती येळ लागला असता?"

मी खडू खाली ठेवला. म्हणालो, "एक दुपार."

उत्तरेश्वर मास्तर